एका लठ्ठ माणसाचे पत्र

काही पुस्तके वाङ्मयाच्या इतिहासात कधी जमा होत नाहीत. तशी अपेक्षाही त्यांच्याकडून कोणी केलेली नसते. पंचांग, पाकशास्त्राचे पुस्तक, औषधांची माहितीपत्रके, शेतकीच्या पुस्तिका हा सगळा छापील पसारा आपण उपयोगापुरता हाताळतो आणि उपयोग संपला की माळ्यावर टाकतो. परंतु ह्याच पसाऱ्यात एखादे वेळी असे काही हाती लागते की, आपण वाङ्मयाकडे जे मागतो आणि तेथे जे क्वचितच मिळते, ते येथे न मागता पुढे येऊन उभे राहते. विल्यम बँटिंग ह्या लंडनच्या गृहस्थाने १८६३ साली स्वखर्चाने छापून फुकट वाटलेले ‘लठ्ठपणाविषयी जनतेस पत्र’ हे अशांपैकी एक आहे, असे माझे मत झाले आहे. ते का झाले आणि कितपत टिकण्याजोगे आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. ह्या पुस्तिकेकडे मी वाङ्मयाचा वाचक म्हणून गेलो नाही. रोगी म्हणून गेलो. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि, “गुरुजी, आता भात, पोहे, साखर आणि बटाटा ह्यांची रजा घ्या,” असे सांगितले. माझे वजन त्या वेळी ८९ किलो होते. घरी आलो तो दिवाळीच्या तोंडावर. स्वयंपाकघरात अनारशाचे पीठ आंबत होते आणि करंज्यांचे सारण परातीत निवत होते. आपल्या सगळ्या सणांचा आनंद पीठ, गूळ आणि तेल ह्या तीन वस्तूंवर उभा आहे, हे त्या दिवशी मला प्रथम समजले. पुढे, हा पिठूळ-गोड अन्न सोडण्याचा उपाय कोणी काढला ह्याचा शोध घेता घेता बँटिंगचे नाव मिळाले, आणि एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या पत्राची छापून काढलेली प्रत मला आणून दिली. इंग्रजीशी माझी ओळख कामापुरतीच. शब्दकोश जवळ घेऊन मी ते पत्र आठ दिवसांत वाचले. त्यानंतर किती वेळा वाचले, ते मोजलेले नाही.

पत्राची हकीकत अगदी साधी आहे. लेखक ६६ वर्षांचा आहे. उंची पाच फूट पाच इंच. १८६२ च्या ऑगस्टात त्याचे वजन २०२ पौंड, म्हणजे साधारण ९२ किलो भरले. त्याला वाकून बुटांचे बंद बांधता येत नाहीत. जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून तो पाठमोरा, एकेक पायरी उतरतो. गेली कित्येक वर्षे त्याने सांगितलेले सगळे उपाय केले. पहाटे उठून दोन दोन तास जड नाव वल्हवली. त्यामुळे स्नायू बळकट झाले, पण त्यांच्याबरोबर भूकही वाढली आणि वजन वर चढले. समुद्रस्नाने केली, घोड्यावर बसला, लेमिंग्टन, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट येथली पाणी प्यायला, औषधे तर गॅलनच्या मापाने घेतली. तुर्की पद्धतीची बाष्पस्नाने घेतली, त्यांत पौंड गेले ते सहा. अखेर ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो कानाच्या एका शस्त्रवैद्याकडे गेला. मूळ पत्रात ह्या वैद्याचे नाव नाही. पुढील आवृत्तीत ते येते: विल्यम हार्वे. हार्वे पॅरिसला क्लोद बेर्नारची व्याख्याने ऐकून आला होता. यकृत साखर तयार करते, हा बेर्नारचा शोध. त्यावरून मधुमेहाचा विचार करता करता हार्वे लठ्ठपणाकडे वळला होता. त्याने कानाचा दोष चरबीवर ठेवला आणि पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे बंद करावयास सांगितले.

त्याआधी बँटिंगचे जेवण म्हणजे ह्याच वस्तूंची वेगवेगळी मांडणी होती. सकाळी दूध-पाव किंवा भरपूर दूधसाखरेचा चहा आणि लोणी लावलेला भाजका पाव. दुपारी मांसाबरोबर पुष्कळ पाव, बीअर आणि पिठाचे गोड पदार्थ. रात्री पुन्हा फळांची मिठाई किंवा दूध-पाव. आता सकाळी चार-पाच औंस मांस किंवा मासा, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा आणि एक औंस कोरडा भाजका पाव. दुपारी पाच-सहा औंस मासा वा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, पुन्हा एक औंस पाव आणि दोन-तीन पेले द्राक्षाचे मद्य. तिसऱ्या प्रहरी थोडी फळे. रात्री तीन-चार औंस मांस किंवा मासा आणि एखाद-दुसरा पेला. झोपताना गरज वाटल्यास आणखी एक पेला, मात्र बिनसाखरेचा. एवढ्या उपायाने वर्षभरात त्याचे ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ २१ किलो, वजन कमी झाले आणि कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनी उतरला. पत्र एवढेच आहे. ह्यात वाङ्मय ते कोठे?

ते मला प्रथम दिसले बुटाच्या हुकात. वाकता येत नाही म्हणून बूट चढवायला बँटिंग लांब दांड्याचा हुक वापरीत असे. वजन उतरल्यावर तो जे फायदे सांगतो त्यांत, आता तो हुक लागत नाही, ही एक नोंद आहे. दीर्घायुष्य, सौंदर्य, आत्म्याची उन्नती असले शब्द तो वापरीत नाही. जिना सरळ तोंडाने उतरता येतो. गुडघ्याच्या पट्ट्या सुटल्या. हुक पडून आहे. आजारातून उठलेल्या माणसाचा आनंद किती लहान वस्तूंत राहतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ह्या ओळींचा खरेपणा सांगावा लागत नाही. मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील नायक प्रेम करतात, भांडतात, कर्ज काढतात, एक तर गाव सोडून जातो. पण त्यांपैकी एकाचेही वजन मला ठाऊक नाही. त्यांना वाकताना धाप लागत होती की काय, हा प्रश्न लिहिताना मला पडलाच नाही. आपल्या ललित गद्यात माणसाला मन असते, जात असते, घराणे असते; शरीर असते ते फक्त तरुणीला आणि मरणाऱ्याला. मधल्या वयाचे, थकलेले, फुगलेले, रोज वापरावयाचे शरीर आपण विनोदी लेखकांकडे सोपवून मोकळे झालो आहो.

दुसरी गोष्ट लाजेची. लठ्ठ माणसाला गाडीत जागा देताना लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटते, नाटकगृहात शेजारचा कसा अंग चोरतो, रस्त्यात कोण काय पुटपुटतो, हे बँटिंग सांगतो आणि त्यामुळे आपण चारचौघांत जाणे टाळीत असू, हेही सांगतो. ह्या ठिकाणी साधारण लेखक दोहोंपैकी एक करील: स्वतःच हसून वाचकाला हसवील, किंवा रडून त्याची दया मागेल. बँटिंग दोन्ही करीत नाही. जसे घडले तसे लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. लाज झाकण्यासाठी विनोद न वापरणे ही गद्यातील फार अवघड गोष्ट आहे. पुष्कळ नामवंतांना ती साधलेली नाही.

तिसरी गोष्ट वजनाच्या कोष्टकाची. पत्रात एक तक्ता आहे. २६ ऑगस्ट १८६२, २०२ पौंड. ७ सप्टेंबर, २००. पुढे तीन तीन आठवड्यांनी नोंद: कधी चार पौंड गेले, कधी तीन, कधी दोन. हिवाळ्यात उतार मंदावतो, वसंतात पुन्हा वेग घेतो. शेवटी एक पौंड, आणि शेवटच्या नोंदीत, १२ सप्टेंबर १८६३ ला, घट शून्य; वजन १५६ वर स्थिर. हा तक्ता मी कथानकासारखा वाचला. त्यात चढउतार आहेत, रेंगाळणे आहे आणि फार क्वचित आढळणारा असा शेवट आहे. उपदेशपर लेखकाने शेवटचा आकडा मोठा ठेवला असता. बँटिंगने शून्य ठेवले, कारण शून्य आले होते.

ह्या ठिकाणी माझी स्वतःची वही मला आठवते. डॉक्टरांनी सांगितले म्हणून मीही रोजचे खाणे लिहू लागलो होतो. बँटिंग वाचून झाल्यावर ती वही पुन्हा उघडली. नरकचतुर्दशीच्या दिवशी लिहिले होते: ‘संध्याकाळी थोडा फराळ.’ थोडा म्हणजे चार करंज्या आणि वाटीभर चिवडा. मला ते पक्के आठवत होते. ती वही दुसरे कोणी वाचणार नव्हते. पत्नीलाही ती कोठे ठेवली आहे हे माहीत नव्हते. तरी ‘थोडा’ हा शब्द मी लिहिला होता. वीस वर्षे लेखन करणारा मनुष्य स्वतःच्या खाजगी वहीत एका विशेषणाच्या आड लपतो, आणि वाङ्मयाशी काडीचा संबंध नसलेला एक म्हातारा औंसांत आणि इंचांत सबंध लंडनला आपले पोट दाखवतो! प्रामाणिक गद्य म्हणजे काय, ह्यावर मी वर्गात मुलांना पुष्कळ सांगितले आहे. ते ह्या घटनेनंतर पुन्हा तपासावे लागले.

बँटिंगने सगळेच सांगितले आहे असे मात्र नाही. पन्नास वर्षे आपण धंद्यात काढली, नीटनेटकेपणा आणि काटेकोरपणा हा आपला स्वभावच होता, एवढे तो लिहितो. पण तो धंदा कोणता, हे मी वाचलेल्या पत्रात कोठे आले नाही. बँटिंग घराण्याची सेंट जेम्स स्ट्रीटवरील पेढी अंत्ययात्रांची व्यवस्था करीत असे, आणि तीही साध्यासुध्यांच्या नव्हे. तिसऱ्या जॉर्जची १८२० साली, चौथ्या जॉर्जची १८३० साली, ड्यूक ऑफ वेलिंग्टनची १८५२ साली आणि राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट ह्यांची १८६१ साली, ह्या साऱ्या अंत्ययात्रा ह्या पेढीने काढल्या. मृत देहाची लांबी-रुंदी मोजून त्याला बेताची पेटी देणे हे ज्या घराण्याचे काम, त्यातील मनुष्य साठी उलटल्यावर स्वतःचे माप घेतो, आणि त्या मापामागे कोणते माप उभे आहे ह्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. हे मौन त्याने योजलेले होते, असे मी म्हणत नाही. बहुधा राजघराण्याच्या सेवकाची ती रीतच असेल. पण हे ठाऊक झाल्यावर पत्राचा स्वर बदलून ऐकू येतो. तो काटेकोरपणा कोठून आला हे कळते. इंच आणि पौंड ह्यांच्या त्या निर्विकार भाषेखाली भीती आहे आणि ती भीती त्याने धंद्याच्या सवयीने, मोजून, काबूत ठेवली आहे.

हे पत्र आपल्या ओळखीच्या काही ग्रंथांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या माणसांत अतिस्थूल मनुष्य येतो. जड, गोड आणि स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, निश्चिंतपणा आणि बीजाचा स्वभाव अशी कारणे तेथे नेमकी दिली आहेत. परंतु चरक पाहतो ते वैद्याच्या आसनावरून. स्थूल मनुष्य तेथे बोलत नाही. फ्रान्समधील ब्रिया-सावारँ ह्याने १८२५ साली, म्हणजे बँटिंगच्या अडतीस वर्षे आधी, पिठूळ पदार्थ सोडा म्हणजे पोट उतरेल असे सांगून ठेवले होते. तेव्हा उपायाच्या शोधाचे श्रेय बँटिंगला नाही. पण ब्रिया-सावारँ हा रसिक न्यायाधीश. जेवणाच्या टेबलाशी बसून गप्पा माराव्या तसा तो लिहितो. त्याच्या गद्यात चव आहे. बँटिंगच्या गद्यात गरज आहे.

गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’ची आठवण तर होणारच. लंडनमध्ये शिकत असताना आपण काही काळ पिष्टमय अन्न सोडून पाहिले, असे गांधीजींनी लिहिले आहे. तेही मोजतात, तेही लपवीत नाहीत. पण गांधीजींचा आहार हे व्रत आहे. पानातील प्रत्येक बदलाबरोबर मनाचा हिशेब होतो. बँटिंगला मनाचे काही साधावयाचे नाही. त्याला बूट बांधावयाचे आहेत. गांधीजींची उंची त्याला नाही हे उघड आहे. परंतु ज्याला महात्मा व्हावयाचे नाही, नुसते जिना उतरावयाचे आहे, अशा माणसाचीही आत्मकथा असू शकते आणि तिची गरज कमी नाही.

आणि आपल्या भाषेत ह्या विषयावरचे सर्वांत लोकप्रिय लेखन कोणते? १९५८ सालच्या ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’. वजन उतरवू पाहणाऱ्या गृहस्थाला चाळीतला प्रत्येकजण एकेक पदार्थ सोडावयास सांगतो आणि सगळ्यांचे ऐकले तर पानात काही उरू नये, अशी स्थिती होते. पु. ल. देशपांड्यांनी येथे जे पाहिले ते बँटिंगला दिसलेच नाही: मनुष्य एकटा जेवीत नाही. त्याच्या पानाकडे सगळी चाळ पाहत असते. बँटिंगच्या पत्रात शेजारी नाही, सण नाही, ‘माझ्या हातचे एवढे घ्याच’ म्हणणारी आत्या नाही. इतकेच काय, ते रोजचे तीन वेळचे मांस रांधणारे हातही नाहीत. माझा स्वतःचा अनुभव पु. लं.च्या बाजूचा आहे. पहिल्या वर्षी मी भाऊबिजेला बहिणीकडे पानातला श्रीखंडाचा वाडगा बाजूला सारला. ती काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरून आले. वजनाचा तराजू ह्या गोष्टी टिपत नाही. बँटिंगच्या पत्राची ही मर्यादा मोठी आहे, आणि ती कलेचीच मर्यादा आहे. त्याच्या जगात एकच शरीर आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. पत्र प्रामाणिक असले तरी ते खरे आहे काय? प्रामाणिकपणा आणि सत्य ह्यांत आपण समीक्षक लोक नेहमी घोटाळा करतो. बँटिंगच्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांनी, ज्याला शास्त्र येत नाही त्याने ह्यात पडू नये, असे त्याला फटकारले. त्यात व्यवसायाचा अहंकार होता, तसा एक योग्य प्रश्नही होता: एका शरीरावरून सर्वांना उपदेश कसा करावा? बँटिंग हा उपदेश एका उपमेने करतो. तरुण घोड्याला चंदी मानवते, म्हाताऱ्याला बाधते. पाव, साखर, बटाटे ही उतारवयातील माणसाची तशीच बाधणारी चंदी होय. उपमा मोठी सुरेख आहे. पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे, आणि लेखकांनी तरी हे विसरू नये.

आज आपल्याला त्याच्यापेक्षा अधिक माहीत आहे. पिष्टमय अन्नाची शरीरात साखर होते, ती रक्तात चढली की इन्सुलिन लागते. ज्याच्या शरीरात इन्सुलिनचे काम नीट चालत नाही, त्याने असे अन्न कमी केले तर रक्तातील साखर उतरते, हे खरे. (इन्सुलिनच्या शोधाशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो फ्रेडरिक बँटिंग निराळा.) असे अन्न सोडल्यावर पहिल्या आठवड्यात जे वजन झपाट्याने उतरते त्यात साठवलेल्या साखरेबरोबरचे पाणी पुष्कळ असते, हेही खरे. २००३ साली अमेरिकेत ६३ लोकांवर झालेल्या एका चाचणीत हा आहार घेणारे सहा महिन्यांनी पुढे होते. वर्षअखेर तो फरक गणती करण्याजोगा राहिला नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ लोकांचे दोन गट केले. एकाने पिष्टमय पदार्थ कमी केले, दुसऱ्याने स्निग्ध. वर्षाने पाहिले तर पहिल्या गटाची सरासरी घट सहा किलो आणि दुसऱ्याची ५.३, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. परंतु दोन्ही गटांतील माणसामाणसांत मात्र अंतर मोठे. तेव्हा बँटिंगचे पत्र बँटिंगपुरते खरे आहे. इतरांना त्याने वाट दाखवली. राजमार्ग दाखवला नाही.

माझ्यापुरते म्हणाल तर चौदा महिन्यांत अकरा किलो उतरले. भात आणि साखर सुटली, भाकरी अर्धी झाली, अंडी, मूग, ताक, पालेभाज्या आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे आले. साखर उतरू लागली तशी डॉक्टरांनी गोळी कमी केली. हे त्यांनीच करावयाचे असते, कारण गोळी तीच ठेवून खाणे तोडले तर साखर एकदम खाली जाऊन मनुष्य घेरी येऊन पडतो. मधुमेही वाचकांनी माझा लेख वाचून काही करू नये. डॉक्टरांकडे जावे.

बँटिंगच्या पत्राला तुफान यश मिळाले. पहिल्या आवृत्त्या फुकट वाटल्या, पुढची विक्रीला काढावी लागली. तिचा नफा त्याने धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. त्याच्या नावाचे इंग्रजीत क्रियापद झाले आणि स्वीडिश भाषेत ते आजही वजन उतरवणे ह्या अर्थी चालते. हार्वेने ह्याच विषयावर १८७२ साली ग्रंथ लिहिला. तो आज कोणाच्या स्मरणात आहे? ज्ञान वैद्याचे होते, पण भाषा रोग्याची टिकली.

१८७८ च्या मार्चमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, बँटिंग वारला. हा सनावळीतला आकडा वाचताना मी थांबलो, कारण तो मला दुसरीकडून ठाऊक होता. १८७६ ते १८७८ हा आपल्याकडे दख्खनच्या दुष्काळाचा काळ. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणून ठेवले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध तक्रार केली. एकाच साम्राज्यात, एकाच दशकात, एक मनुष्य धान्य टाकून जगतो आणि लाखो माणसे धान्यावाचून मरतात. बँटिंगला ह्यासाठी दोषी धरणे वेडेपणाचे होईल. परंतु मराठी वाचकाने हे पत्र वाचताना ती दुसरी तारीख शेजारी ठेवली पाहिजे. आपल्या भाषेत ‘गुटगुटीत’, ‘बाळसेदार’, ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुकाचे शब्द का आहेत, ह्याचे उत्तर त्या तारखेत आहे. ज्या लोकांनी उपासमार पाहिली त्यांनी अंगावरच्या मांसाला घरातली ठेव मानले. माझी आई मी बारीक झाल्यावर शेजारणीला दबक्या आवाजात सांगत होती, “त्याला काही तरी लागलंय हो.” तिच्या दृष्टीने ती बरोबर होती.

आणि हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचेच आहे असेही नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. दुपारी शाळेत खिचडी शिजते. सरकारी हिशेबाने पोरामागे शंभर ग्रॅम तांदूळ. ती वाढताना आज माझ्या हाताला एक विचित्र अडखळ होते. जे अन्न मी माझ्या ताटातून विष म्हणून काढले, तेच मी ह्या पोरांच्या ताटात वाढतो, आणि काही पोरांचे त्या दिवसाचे पोटभर अन्न तेवढेच असते. एक मुलगी रोज दुसऱ्यांदा मागते. मी तिला वाढतो. तिला जे जीवन आहे तेच मला रोग आहे, आणि दोन्ही एकाच पातेल्यात आहे. बँटिंगची घोड्याची उपमा मला पटली ती ह्या पातेल्यापाशी उभे राहून. दोष चंदीचा नव्हता. कोणी किती धावावयाचे आहे, हा प्रश्न होता. आपल्या देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह आहे असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत अशी पुष्कळ असतील की, ज्यांनी बालपणी दुसऱ्यांदा मागितले आणि ज्यांना ते मिळाले नाही.

ही गोष्ट मराठीत अजून कोणी लिहिलेली नाही. भुकेवर आपल्याकडे चांगले लिहिले गेले आहे, खाद्यपदार्थांवर तर उदंड. पण भुकेल्या घरात जन्मून पुढे पोटभर खाऊ लागलेल्या, आणि त्या पोटभर खाण्यानेच आजारी पडलेल्या माणसाचे गद्य आपल्याकडे नाही. अशी माणसे घरोघरी आहेत. ती डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर हातात कागद घेऊन बसलेली असतात. त्यांच्यातील एखाद्याने बँटिंगसारखे, विशेषणे न वापरता, किती खाल्ले आणि किती उतरले एवढे जरी लिहिले, आणि शेजारी आई काय म्हणाली, बहीण का रडली, हेही लिहिले, तर ते पुस्तक बँटिंगच्या पत्राहून मोठे होईल.

माझ्या वहीत ह्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची नोंद अशी आहे: ‘करंजी एक. अनारसा अर्धा. चकली नाही.’ वजन मागील महिन्याइतकेच. घट शून्य.